गोळी किती, यापेक्षा गोळी कधी: कंपवाताच्या औषधांविषयी

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न गुंतलेत. इतर घरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो.

तुमचे सासरे, आबा, वय ६९. तासगाव तालुक्यात घरची द्राक्षबाग. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान होऊन साडेचार वर्षं झाली. सुरुवातीला लेव्होडोपाची ‘११०’ची गोळी दिवसातून ३ वेळा घेतली की दिवस सुरळीत जायचा. आता सकाळची गोळी ११ वाजता उतरते आणि दुपारची घेऊनही ४ वाजेपर्यंत अंग सुटत नाही. गोळ्यांच्या वेळा सकाळी ८, दुपारी २, रात्री ९, तिन्ही खाऊन झाल्यावर. सकाळची तर तांब्याभर म्हशीच्या दुधाबरोबर. शिवाय थरथरीसाठी पॅसिटेन, वर्षभरापासून प्रॅमिपेक्सोल, बीपीची गोळी, आणि गेले २ महिने गॅससाठी एक कॅप्सूल. तिन्हीसांजेला त्यांना अंगणात लहान मुलं खेळताना दिसतात. नातेवाईक म्हणतात, ही गोळी ५ वर्षंच चालते, पुरवून वापरा. कुणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलंय. आणि तुम्ही विचारताय, औषधाचा गुण संपला का?

गुण संपलेला नाही. मी सांगली-मिरजेत गेली २६ वर्षं हेच रुग्ण बघतोय. ‘औषध लागू पडेना’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच घरांत औषध बरोबर असतं, त्याची वेळ आणि त्याची सोबत चुकलेली असते.

सगळ्यात आधी ती गॅसची कॅप्सूल. पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा तुम्ही उतरवून पाठवलीत, फार बरं केलंत. तिच्यात आम्लपित्ताच्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड आहे. आम्लपित्ताचं औषध चालेल, लेव्होसल्पिराइड आबांना चालत नाही. मेंदूत डोपामीन, म्हणजे हालचाल चालवणारं रसायन, ज्या जागी बसून काम करतं, ती जागाच ते अडवतं. एका हाताने आपण दिवसातून ३ वेळा डोपामीन वाढवायची गोळी देतोय आणि दुसऱ्या हाताने सकाळीच त्याच्या बसायच्या जागेला कुलूप घालतोय. ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच उद्या दाखवा, ‘कंपवात आहे’ एवढं सांगितलं की ते बदलून देतील. बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसेल असं मात्र धरू नका. हा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही.

याच जातीची आणखी काही औषधं घरोघरी सापडतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, उलटी-चक्करवरचं प्रोक्लोरपेराझिन, चक्कर किंवा अर्धशिशीसाठी महिनोन्‌महिने चालू राहणारं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, भ्रमासाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल. आबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही ५ नावं आणि लेव्होसल्पिराइड लाल पेनाने लिहून ठेवा. माझ्याकडे दरवर्षी असे काही जण येतात ज्यांना मुळात कंपवात नसतोच, यातली एखादी गोळी वर्षभर चालू राहिल्याने अंग आखडलेलं असतं. गोळी थांबते, आणि माणूस हळूहळू पहिल्यासारखा चालायला लागतो. आबांना मळमळ झालीच तर डॉम्पेरिडोन त्यातल्या त्यात बरं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. पण हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी पाहिल्याशिवाय तेही नको.

आता ही गोळी मुळात करते काय, ते बघू. मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात काळपट रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामीन तयार करतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं, चालताना हात आपोआप हलणं, सदऱ्याचं बटण न बघता लावणं, ही सगळी कामं डोपामीनच्या भरवशावर चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हाताची पहिली थरथर घरच्यांच्या डोळ्यांत भरते तोवर त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, पण कशाची उणीव आहे हे कळायला पुढे जवळपास दीडशे वर्षं गेली. तो उलगडा व्हायला आपल्याकडच्या सर्पगंधेचा हातभार लागला, हे मला सांगावंसं वाटतं. सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन तेव्हा रक्तदाबासाठी वापरत. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. त्यांच्या मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा झाला आणि ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांनी लेव्होडोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तिथेही डोपामीनचीच उणीव सापडली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत हे औषध तोंडावाटे, थोडं थोडं वाढवत भरपूर मात्रेत दिलं आणि खाटेला खिळलेली माणसं उठून चालली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आबांची गोळी म्हणजे तेच लेव्होडोपा.

मग सरळ डोपामीनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत जायला एक कडक फाटक आहे आणि ते डोपामीनला आत घेत नाही. लेव्होडोपाला घेतं. आत गेल्यावर मेंदू त्याचं डोपामीन करतो. आपल्या भागातलंच उदाहरण देतो. साखर कारखान्याचं फाटक ऊस आत घेतं, गूळ घेत नाही. लेव्होडोपा हा ऊस. अडचण अशी की वाटेत, आतड्यात, यकृतात, रक्तात जागोजागी गुऱ्हाळं आहेत. नुसतं लेव्होडोपा दिलं तर बहुतेक ऊस वाटेतच गाळला जातो, त्याचा गूळ होतो आणि फाटकाशी थोडाच पोचतो. शिवाय हा वाटेत झालेला गूळ, म्हणजे मेंदूबाहेरचं डोपामीन, मळमळ आणतो, उभं राहताना बीपी पाडतो.

म्हणून १९७० च्या दशकात लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा आलं. ते वाटेतली गुऱ्हाळं बंद ठेवतं. स्वतः फाटकातून आत जात नाही, त्यामुळे मेंदूतलं गाळप चालूच राहतं. गोळीचा जो आकडा आपण बोलतो तो या दोघांची बेरीज असतो. ‘११०’ म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, ‘१२५’ म्हणजे १०० आणि २५, ‘२७५’ म्हणजे २५० आणि २५. दुकानात ११० नसेल आणि १२५ दिली, तर ‘डोस वाढवला’ म्हणून घाबरू नका. लेव्होडोपा तेवढंच आहे, फक्त पहारा वाढला. वाटेतली गुऱ्हाळं नीट बंद व्हायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. आबांना ११० च्या ३ गोळ्यांतून मिळतंय ३०. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘११० ऐवजी १२५ चालेल का?’ अनेकांची मळमळ एवढ्याने थांबते आणि गोळीही जरा जास्त पोचते.

आता त्या तांब्याभर दुधाकडे येतो. तासगाव-वाळव्याकडच्या माणसाला सकाळचं दूध सोडायला सांगणं माझ्या जिवावर येतं, आणि सोडायचं नाहीच. फक्त त्याची वेळ हलवायची. दूध, डाळ, उसळ, अंडी, मटण पचलं की त्यातली प्रथिनं सुटी होतात, आणि ती सुटी प्रथिनं आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातात त्याच वाटेने लेव्होडोपाही जातं. गळीत हंगामात कारखान्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते, तशी इथे लागते. पोटात दूध असेल तर आबांची गोळी त्या रांगेत मागे राहते. शिवाय गोळी विरघळते जठरात पण शोषली जाते पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. पोट भरलेलं असलं, त्यातही तेलकट-तुपकट असलं, तर जठर तिला तासतासभर खाली सोडत नाही. कंपवातात जठर आधीच सुस्त झालेलं असतं. दुपारी जेवून २ वाजता घेतलेली गोळी ४ वाजेपर्यंत लागू पडत नाही, याचं मोठं कारण हेच असावं.

म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास, किंवा खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी. अर्ध्या घोटात नको, पेलाभर पाण्याबरोबर, बसून. मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट किंवा मूठभर भडंग चालेल, दूध मात्र नको. दूध आणि उसळ-मटणाचा भर रात्रीच्या जेवणाकडे नेता आला तर दिवस मोकळा जातो. पण प्रथिनं तोडू नका. कंपवातात वजन उतरतं, मांड्या-पिंढऱ्या वाळतात, आणि मग पडझड वाढते. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत २ तासांचं अंतर ठेवा, लोह तिला धरून ठेवतं. बद्धकोष्ठता हाही औषधाचाच प्रश्न समजा. पोट ३-३ दिवस साफ होत नसेल तर गोळीचा भरवसा राहत नाही. इसबगोल, भरपूर पाणी, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून रेचक.

एवढं केल्यावरही एक गोष्ट उरते. पूर्वी हीच गोळी, याच वेळांना, याच दुधाबरोबर घेऊनही दिवस का पुरत होता? तुम्ही बागायतदार, तुम्हाला हे लवकर कळेल. ज्याच्याकडे मोठं शेततळं आहे त्याच्या बागेला सिंचन योजनेच्या पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, कधीही येवो, पाणी तळ्यात साठतं आणि बाग रोज भिजते. तळं गाळाने भरत गेलं की आलेलं पाणी साठत नाही. आवर्तन आलं की चिखल, गेलं की भेगा. मेंदूतल्या उरलेल्या पेशी म्हणजे हे शेततळं. पहिल्या काही वर्षांत त्या डोपामीन साठवतात आणि जपून सोडतात. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही, दीड तासात निम्मं होतं, पण साठा असल्यामुळे ते कळत नाही. पेशी कमी झाल्या की साठा संपतो आणि अंग रक्तातल्या गोळीबरोबर वरखाली होऊ लागतं. गोळी चढली की माणूस मोकळा, उतरली की आखडला. आम्ही याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतो. आबांच्या बाबतीत हेच सुरू झालंय. औषध तेवढंच जोरकस आहे. तळं लहान झालंय, म्हणून पाळ्या जवळजवळ घ्याव्या लागणार.

म्हणजे दरवेळी गोळी मोठी करायची असं नाही. ३ च्या ४ किंवा ५ वेळा करायच्या, ३ ते ४ तासांच्या अंतराने, आणि पहिली गोळी अंथरुणातच, उठायच्या आधी. किती आणि कधी हे तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. रात्री ९ ते सकाळी ८ हा ११ तासांचा कोरडा पट्टा आहे. रात्री कूस बदलता येत नाही, पहाटे पायाची बोटं वळतात, असं होत असेल तर तेही सांगा. त्यासाठी हळूहळू विरघळणारी ‘सीआर’ गोळी झोपताना देता येते. ती मात्र चघळायची किंवा कुटायची नाही. कुटली की तिचं हळूहळू सुटणंच संपतं.

काही वर्षांनी याची दुसरी बाजू दिसते. गोळी पूर्ण चढलेली असताना मान, खांदे, हात साप वळवळल्यासारखे हलत राहतात. घरचे त्याला थरथर समजतात आणि ‘कंप वाढला’ म्हणून अजून गोळी देतात. नेमकं उलटं करायचं असतं. थरथर एका लयीत असते, बहुधा हात मांडीवर निवांत असताना. ही हालचाल नाचल्यासारखी, बिनलयीची असते आणि गोळी घेतल्यावर तास-दीड तासात येते. आबांना अजून ती नाही. आली तर फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि गोळी घेऊन किती वेळ झाला होता ते बोलून ठेवा. वर्णन ऐकून माझासुद्धा गोंधळ होतो, व्हिडिओ पाहून होत नाही.

आता ५ वर्षांची गोष्ट. ही समजूत सांगलीपुरती नाही, एके काळी डॉक्टरही असंच म्हणत. गोळी लवकर सुरू केली की लवकर निकामी होते, म्हणून पुरवून वापरा. याची तपासणी एका चांगल्या अभ्यासात झाली. घाना देशात औषध सहज मिळत नसल्याने रुग्णांना लेव्होडोपा सुरू व्हायलाच सरासरी ४ वर्षांहून अधिक उशीर होई, इटलीत साधारण अडीच वर्षांत सुरू होई. गोळी झिजत असती तर घानातल्यांना चढ-उताराचा त्रास बराच उशिरा यायला हवा होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हीकडे तो आजाराच्या जवळपास त्याच टप्प्यावर आलेला दिसला. म्हणजे तो येतो आजाराच्या वयाने, आणि मात्रा किती मोठी आहे त्यावरूनही, गोळी किती वर्षं घेतली त्यावरून नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला लेव्होडोपा ४० आठवडे आधी सुरू केलं, दुसऱ्याला नंतर. ८० आठवड्यांनी दोघांत फरक नव्हता. गोळी आजार वाढवत नाही, थांबवतही नाही. ती आजचा दिवस चालवते. घानातल्या रुग्णांनी ती वर्षं आखडलेल्या अंगाने काढली आणि त्या बदल्यात त्यांच्या पदरात काही पडलं नाही. आबांची दुपार पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येत नाही, ताई. पुरवून वापरू नका.

अंगणातल्या मुलांबद्दल. तुम्ही ‘कुणाला बोललो नाही, लोक वेडं म्हणतील’ असं लिहिलंय. हे वेड नाही. औषधांनी आणि आजाराने असं दिसतं, आणि बरेचदा मुलं, अनोळखी माणसं, मांजर-कुत्री असंच काहीतरी दिसतं. अचानक वाढलं असेल तर आधी लघवीचा संसर्ग, अंगात पाणी कमी होणं, ताप, तुंबलेलं पोट ही कारणं तपासायची. मग औषधांकडे वळायचं, आणि तिथे माझं पहिलं बोट पॅसिटेनकडे जातं. हे फार जुनं औषध. मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं एक रसायन दाबून थरथर कमी करतं. चाळिशी-पन्नाशीतल्या, थरथरच जास्त असलेल्या रुग्णाला मी अजूनही देतो. ६५ च्या पुढे ते विसराळूपणा, भास, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं यातलं बरंच काही देतं. काचबिंदूची शक्यता असेल तर डोळ्यालाही वाईट. आबांना याची गरज उरली आहे का, हे नक्की विचारा. पण एका रात्रीत बंद करू नका, ते पायरीपायरीने उतरवतात. त्यानेही भागलं नाही तर पुढचं प्रॅमिपेक्सोल. लेव्होडोपा सगळ्यात शेवटी हलवायचं, कारण भास सगळ्यात कमी तेच आणतं आणि चालवतं सगळ्यात जास्त. तेवढ्यावर भास थांबले नाहीत तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन थोड्या मात्रेत देता येतं. क्लोझापिनला रक्ततपासण्या लागतात.

प्रॅमिपेक्सोल आणि त्याचं भावंड रोपिनिरोल यांच्याविषयी एक गोष्ट मी प्रत्येक घरात दार लावून विचारतो, तुम्हालाही विचारतो. ही औषधं स्वतः डोपामीनचं सोंग घेऊन त्याच्या जागेवर बसतात. पेशींनी त्यांचं काही करायला लागत नाही, शिवाय ती जास्त वेळ टिकतात. म्हणून उपयोगी. पण डोपामीन केवळ हालचालीचं नाही, ते हव्यासाचंही आहे. काही रुग्णांत ते सुटतं. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला माणूस रात्रभर मोबाईलवर रमी खेळतो. कुणी गरज नसताना वस्तूंचा ढीग आणतो, कुणी रात्री उठून गोड खातो, कुणाची शरीरसुखाची मागणी वाढते आणि घरातली बाई लाजेपोटी कुणाला सांगत नाही. माझ्या एका रुग्णाने बागेवर कर्ज काढलं तेव्हा कुठे मुलांना कळलं. त्यांनी बापाला वर्षभर दोष दिला होता, दोष गोळीचा होता. मात्रा उतरवल्यावर तो माणूस आपोआप भानावर आला. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. सासूबाईंना एकांतात तुम्हीच विचारा. ही गोळीही एकदम बंद करायची नसते, एकदम तोडली की जीव कासावीस होतो. आणखी एक, हिने बसल्या जागी अचानक झोप लागू शकते. आबा मोटारसायकल चालवत असतील तर सध्या चावी तुमच्याकडे असू द्या.

बाकीची औषधं थोडक्यात सांगतो, पुढे लागतील तेव्हा नावं ओळखीची असावीत म्हणून. सेलेजिलीन आणि रसाजिलीन मेंदूत तयार झालेलं डोपामीन मोडणाऱ्या रसाला अडवतात. सेलेजिलीनने झोप उडते म्हणून ते सकाळ-दुपारच घ्यायचं. ही चालू असताना ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. एन्टाकॅपोन लेव्होडोपाच्या प्रत्येक गोळीबरोबरच घ्यायचं, एकट्याने त्याचा उपयोग शून्य. ते वाटेतला आणखी एक चोरदरवाजा बंद करतं. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. अमँटाडीन मुळात फ्लूवरचं औषध. १९६८ मध्ये कंपवात असलेल्या एका बाईंनी ते फ्लूसाठी घेतलं, त्यांचा आखडलेपणा कमी झाला, आणि तिथून ते इकडे आलं. नाचरी हालचाल कमी करायला आज तेच हाताशी आहे. औषधांचे चढ-उतार फारच वाढले तर मेंदूत बारीक तारा बसवायची शस्त्रक्रिया असते, पण आबांना आत्ता तिची चर्चा नको.

खाजकुयली. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच ते त्यातून वेगळं काढलं होतं. म्हणून ‘झाडपाल्यात काय असणार’ असं मी म्हणणार नाही. पण चूर्णात ते किती आहे हे पुडीगणिक बदलतं आणि सोबत कार्बिडोपा नसतं. चालू गोळ्यांवर तिची भर घातली की एक अनोळखी डोस वाढला, आणि भास दिसणाऱ्या माणसात तो धोका मला नको वाटतो. कुणी आधीपासून घेत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, एवढंच.

बीपीची गोळी एकदा तपासून घ्या. कंपवात आणि त्याची औषधं दोन्ही उभं राहताना बीपी पाडतात, आणि पूर्वी योग्य असलेली गोळी आता जास्त होऊ शकते. आडवं असताना एकदा, मग उभं राहून ३ मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा.

आता काम तुमच्याकडे आहे. नातवाची जुनी शाळेची वही घ्या. सकाळी ६ ते रात्री १०, तासातासाच्या ओळी. प्रत्येक ओळीत गोळी घेतली का, काय खाल्लं, अंग मोकळं का आखडलेलं, भास झाला का. फक्त ३ दिवस, पण खरं. मिरजेतले एक तंतुवाद्य कारागीर माझ्याकडे येतात. त्यांनी न सांगता हे केलं होतं. सतारीची जवारी काढायला हात अगदी स्थिर लागतो. गोळी घेऊन ४० मिनिटांनी हात बसतो आणि २ तास १० मिनिटांनी सुटतो, हे त्यांनी घड्याळ लावून शोधलं आणि जवारीचं काम त्याच वेळात ठेवलं. त्यांच्या त्या कागदावरून मी ५ मिनिटांत वेळा बसवल्या. एरवी २-३ भेटी गेल्या असत्या.

एक सूचना मात्र आत्ताच लक्षात ठेवा. कधी इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली, हाड मोडलं, हर्नियाचं ऑपरेशन निघालं, तर लेव्होडोपा अचानक थांबता कामा नये. एकदम तुटली तर अंग लाकडासारखं ताठ होतं, तीव्र ताप चढतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. गोळ्या आणि वेळांचा कागद स्वतः घेऊन जा, नर्सना दाखवा. तोंडाने काही द्यायचं नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करायला लावा.

आणि शेवटी तुम्ही विचारलंत, बेदाण्याच्या शेडवर आबांना जाऊ द्यायचं का. जाऊ द्या. गोळी घेऊन तासाभराने, अंग मोकळं असताना, काठी आणि टाचा धरणारी चप्पल घालून. मार्चच्या १२ ते ४ च्या उन्हात नको, बीपी उतरतं. दुपारच्या वेळेची एक गोळी छोट्या डबीत, सदऱ्याच्या खिशात, आणि पाण्याची बाटली शेडवरच्या माणसाकडे. त्याला वेळ सांगून ठेवा. आबा कामात रमले की गोळी विसरतात, असं तुम्हीच लिहिलंय.